फुलदाणीचा कौल

आमच्या चिंगदचन गावच्या नदीकाठच्या देवळात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या सोंग राजघराण्यातल्या सम्राटाच्या देव्हाऱ्यातली सहाशे वर्षांची फुलदाणी कौल देत होती. प्रश्न विचारायचा, ‘टिंग’ झालं की पूर्वजांचा होकार. म्हाताऱ्या म्यावनं विचारलं, सून भाजीत मीठ जास्त घालते का? टिंग.

“घ्या, आता पूर्वजही सासऱ्याच्याच बाजूचे,” सून म्हणाली.

आमचं अख्खं गाव चिनी मातीच्या भांड्यांवर जगतं, तरी हे घडलं. कारण एकेक भांडं सत्तर हातांतून जातं आणि ज्याला त्याला आपल्यापुरतंच कळतं. मी तीस वर्षं भांड्यांवरच्या शुभ वटवाघळांच्या नुसत्या कडा काढतोय. निळा रंग शेजारचा फान भरतो. भट्टीतून भांडं निघताना आम्ही दोघांनी कधी पाहिलेलं नाही. ही फुलदाणी घेऊन आलेल्या साधू श्वानफेइचं नेमकं तिथंच फावलं.

फानची पाच वर्षांची लेक आ-श्यू चार दिवस तापानं फणफणली होती. वैद्यानं दिलेला काढा घेऊन फान कौल लावायला आला होता.

साधूनं फुलदाणीत वाफाळता चहा ओतला. “पूर्वजांना आधी चहा, मग प्रश्न. उपाशीपोटी बोलायला ते काय माझ्यासारखे आहेत?”

“काढा बंद करू का?” फाननं विचारलं.

टिंग. टिंग.

“दोनदा म्हणाले. ओतून टाक आणि पोरीला माझा अंगारा पाज.”

माझ्या मनात शंका होती, पण मी तोंड उघडलं नाही. त्याची आजही लाज वाटते. फाननं काढ्याचं भांडं कलतं केलं, तेवढ्यात त्याची बायको गुइचिन गर्दीतून पुढं आली. ती भट्टीवर भांड्यांना चढवायची काचेसारखी झिलई गाळते. तिच्या हातात कोरी पांढरी पिकदाणी होती.

“थांबा. मलाही विचारायचंय.”

“पिकदाणीत कुठले पूर्वज, बाई?” साधू हसला.

“आज सकाळीच भट्टीतून निघालीय. यायला त्यांना वेळ कुठं मिळाला?” तिनं साधूचीच किटली उचलून पिकदाणीत चहा ओतला. “हा साधू लबाड आहे का?”

टिंग.

“नक्की ना?”

टिंग, टिंग, टिंग.

म्याव घाईघाईनं पुढं सरकला. त्याला मिठाचं पुन्हा विचारायचं होतं.

“झिलई मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून टिंग टिंग करत तडकते,” गुइचिन म्हणाली. “नवं भांडं काही दिवस असं वाजत राहतं, गरम ओतलं की भराभर. दरबाराला ती तड्यांची नक्षी आवडते, म्हणून आम्ही मुद्दाम तशी झिलई बनवतो. सहाशे वर्षांची फुलदाणी केव्हाच गप्प झाली असती.”

मी देव्हाऱ्यामागचा पडदा बाजूला ओढला. पेंढ्यात आणखी चार कोऱ्या फुलदाण्या होत्या. साधू मागच्या दारानं पसार झाला होता.

“मला आधी का नाही सांगितलंस?” फाननं विचारलं.

“काल सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुला फुलदाणीपेक्षा जास्त कळतं का?”

भांड्यात निम्मा काढा उरला होता. ते दोन्ही हातांनी धरून फान घरी पळाला. तिसऱ्या दिवशी आ-श्यूनं पेज मागितली.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो कसा होतो हे विचारा. ज्याच्या हातचं काम असेल, त्यालाच विचारा. आणि ते माणूस आपल्याच घरात असेल, तर निदान त्याचं ऐकून तरी घ्या.