कौसाबाईचा उजवा पाय

कौसाबाई दोनदा पडली होती आणि दोन्ही वेळा तिनं ते गिळून टाकलं होतं. पहिल्यांदा आषाढात, गोठ्यात. दुसऱ्यांदा विहिरीपाशी; तिथं रहाटाचा खांब हाताला लागला म्हणून निभावलं. बदलापूर गावातली आणि आसपासच्या पाड्यांवरली तीस-पस्तीस वर्षांची बाळंतपणं तिच्या हातची. सुईणच पडते म्हटल्यावर तिच्या हाती पोर कोण देणार?

उजवा तळवा बधिर झाला होता. ओल्या पायांनी ओटीवर आली की डाव्या पायाचा ठसा अख्खा उमटे; उजव्याची नुसती टाच आणि बाहेरची कड. अंगठा टेकतच नसे. कुणी बघायच्या आत ती पदरानं ठसे पुसून टाकी.

भाद्रपदातल्या एका दुपारी ओढ्यापलीकडच्या पाड्यावरला जनू बायकोसाठी धापा टाकत आला.

"मावशी, सखू काल सांजपासून कळा देतेय. पोर खाली सरकत नाय."

कौसाबाईनं तेलाची बाटली आणि फडकी बांधून घेतली. मुलगा अंबरनाथला कारखान्यात गेलेला. सून विठा न विचारताच सोबत निघाली.

ओढा दुथडी भरला होता. त्यावरचा साकव म्हणजे दोन ओंडके, एकमेकांना बांधलेले, शेवाळानं हिरवे झालेले. धरायला काही नाही. गाडीवाटेनं वळसा घ्यायचा तर दोन तास. जनू भराभर पार झाला आणि घराकडं पळाला. कौसाबाईनं डावा पाय टाकला, मग उजवा. दहा पावलं गेली आणि मधोमध ती थांबली. उजवा पाय लाकडावर आहे की लाकडाच्या कडेवर, हे तिला कळेना. खाली बघावं तर गढूळ पाणी धावतंय. तिला वाटलं, पाणी उभं आहे आणि साकवच वाहत चाललाय.

मागून विठा हळूच म्हणाली, "आत्या, अंगठा दाबून टेकवा. सगळा भार टाचेवर नका देऊ."

कौसाबाईनं मागं न बघताच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"मी रोज ओटी सारवते. तुमचा अंगठा उमटत नाय, ठाऊक हाय मला."

कौसाबाईनं अंगठा दाबून बघितला. खाली काहीच जाणवलं नाही. पलीकडच्या काठावर पाड्यावरचे चार-पाच जण येऊन उभे होते. त्यांच्यादेखत कौसाबाई सावकाश खाली वाकली, ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून बसली आणि हातांच्या जोरावर वीत-वीत पुढं सरकू लागली. लुगडं चिखलानं भरलं. काठावर कुणी हसलं नाही.

घरात सखूचा चेहरा पांढराफटक पडला होता. कौसाबाईनं हात धुतले, तेल लावलं, पोटावरून हात फिरवून पोराचं डोकं चाचपलं. तिनं सखूला उकिडवी बसवली, विठाला मागून आधार द्यायला लावला. बोटं अजून शहाणी होती. उन्हं कलायच्या सुमाराला पोरगी आली. निळसर, गप्प. कौसाबाईनं तिला पालथी धरून पाठ चोळली, पुन्हा चोळली, आणि मग ती रडली.

नाळ कापून झाली. आता रीतीप्रमाणे सुईणीनं पोर अंगणात न्यायचं, थोरांना दाखवायचं. कौसाबाई पोरीला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. उंबरा उंच, पुढं दोन ओल्या पायऱ्या. सगळे वाट बघत होते. तिनं पाय उचलला आणि परत ठेवला.

"विठा, तू घे."

"मावशी, तूच आण ना," जनू म्हणाला.

"नाय. मी पडते, जनू. दोनदा पडले, कुणाला बोलले नाय. तुझी पोर घेऊन पडायची नाय मला."

विठानं पोर घेतली आणि पायऱ्या उतरून गेली. कौसाबाई उंबऱ्याच्या आत तशीच उभी राहिली, हात रिकामे, कान बाहेर.

मग आतून सखूचा आवाज आला, "मावशी, पुढल्या खेपेला पण तूच ये. गाडी पाठवू."

परत जाताना जनूनं बैलगाडी जुंपली आणि लांबची गाडीवाट धरली. गाडीत विठानं सासूचा उजवा पाय मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्याखाली बोट रुतवलं.

"इथं कळतं?"

"नाय."

"आणि इथं?"

"जरासं," कौसाबाई म्हणाली, आणि पाय मागं घेतला नाही.