मूळ धरेपर्यंत

नवेगाव बांधच्या बंगल्यातला गोरा साहेब देश सोडून निघाला, तेव्हा त्याच्या बागेतली लोगनबेरी माझ्या भावजयीनं, रुख्मानं, मागून आणली. थंड मुलखातली काटेरी वेल ती. आमच्या केशोरीच्या उन्हात तिला एक फळ कधी आलं नाही. तरी रुख्मा तिला जिवापाड जपायची. पोळ्याच्या सुमारास तिनं एका फांदीचं टोक वाकवून मातीत दाबलं, वर दगड ठेवला आणि माझ्या भावाला, दुधरामला, दटावलं, "मूळ धरू दे. तोवर हात लावला तं याद राख!"

दसऱ्याआधी रुख्मा तापानं गेली.

तेरवीच्या सकाळी दुधरामनं ठरवलं, तिला जिथं जाळलं तिथल्या बांधावर हे रोप लावायचं. पण जन्मभर धानाचे परे उपटून रोवणी करणारा माणूस! त्यानं फांदी तोडली, टोक मुठीत धरून ओढलं आणि धानासारखी मुळांची माती पाण्यात झटकून धुतली. नुकती फुटलेली पांढरी मुळं त्यातच तुटली. बांधावर लावलेली काडी बघता बघता वाळली.

तो मात्र रोज तिला तांब्याभर पाणी घालायचा. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मेलं ना ते! कायले पाणी टाकून राहिला?"

काडीकडे बघतच तो म्हणाला, "मेलं ते समजते मले, बाई. पण एवढं वाटोळं केलं मी, अन् रुख्मा अजून एकडावही ओरडली नाही."