मापाआधीचे पंधरा दिवस

लेक निकिताचा चष्मा लेसरनं घालवायचा म्हणून आमी अंथुर्ण्याहून बारामतीला गेलो. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "डोळ्यांतली लेन्स कधी काढलीस?"

"आत्ता, गाडीत."

"मग आज डोळ्याचं माप घेत नाही. लेन्सनं बुबुळ दबतं, माप चुकतं. पंधरा दिवस लेन्स न घालता चष्माच वापर, मग ये. बुबुळ पातळ निघालं, तर तेव्हाही लेसरला नाहीच म्हणेन."

माझं डोकं फिरलं. "द्राक्षाची तोडणी सोडून आलोय, आजच उरका!"

"आबा, औषधाचा अंश तपासायला द्राक्षं लॅबला पाठवायच्या आदल्या दिवशी तुम्ही औषध मारता का?"

मी मान हलवली आन् पोरीला घेऊन उठलो.

बाहेर निकिता कुरकुरली, "दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊया."

"न्हाय. दारात आलेला पेशंट परत धाडायला छाती लागती. बाईंकडंच यायचं. बागेचा एक हंगाम बुडाला तर पुढला असतो. डोळ्यांना पुढला हंगाम नसतो, पोरी."