द्राक्षांचा वास

“मॅडम, प्लेट नीचे. सूँघना नहीं है.”

प्रशिक्षणासाठी इंदूरहून आलेल्या डॉ. अलका टिल्लूंनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं, पण कमलिनीचा हात नाकापाशी जाता जाता थांबला आणि खोलीत हशा पिकला. भोपाळमधल्या कारखान्याच्या टाउनशिपमधलं ते हॉस्पिटल, त्यातली जंतूंची लॅब, आणि त्या लॅबमध्ये कमलिनी वाळिंबेंना प्लेट हुंगायची नाही म्हणून सांगणं! हसू नाही येणार तर काय?

“मॅडम, इनकी नाक तो मशीन है,” निर्मला म्हणाली. निर्मला लॅबमधली सगळ्यात नवी टेक्निशियन. तिच्या बोलण्यात कौतुक होतं, आणि अलीकडे कमलिनीला तेच सोसत नव्हतं.

मशीन खरंच होतं. रुग्णाच्या जखमेतला पू प्लेटवर लावायचा, रात्रभर उबेत ठेवायचा आणि सकाळी काय उगवलंय ते बघायचं, हे लॅबमधलं रोजचं काम. त्या जंतूंपैकी एकाला पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. भाजलेल्या माणसांच्या जखमा तो फार लवकर धरतो. कमलिनी झाकण जरासं उचलायची, नाक पुढे करायची आणि म्हणायची, “तोच आहे.” मग रीतसर चाचण्या व्हायच्या आणि त्यातही तोच निघायचा. लॅबचे प्रमुख डॉ. श्रीकांत पाहुण्यांना एक्स-रेचं नवं यंत्र दाखवावं तसं तिचं नाक दाखवायचे. तिलाही ते आवडायचं. का आवडू नये? टाउनशिपच्या एकसारख्या क्वार्टरांमध्ये एकसारखं आयुष्य काढलेल्या बाईला आपलं म्हणावं असं एवढंच होतं.

त्यापायी तिच्या घरातून द्राक्षं मात्र कायमची हद्दपार झाली होती. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात गोविंदराव हौसेनं किलोभर घेऊन आले आणि तिला पिशवी उघडल्याबरोबर भाजलेल्यांचा वॉर्ड आठवला. ती मोरीकडे धावली. तेव्हापासून गोविंदराव इंद्रपुरीच्या बाजारात गाडीपाशी उभ्या उभ्या द्राक्षं खायचे, नळावर चूळ भरायचे आणि चोरून बिडी ओढलेल्या पोरासारखे घरी यायचे. तिला कळायचं. वास यायचा ना!

दिवाळीत तिला ताप आला. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी असेल. मग एक दिवस फोडणी करपून काळी झाली आणि तिला ती डोळ्यांनी बघून कळली. हॉस्पिटलातला नाक-कान-घशाचा डॉक्टर लॅबपासून हाकेच्या अंतरावर बसायचा, पण त्याला सांगितलं की दुपारच्या चहाला ते सगळ्यांना कळणार. म्हणून ती जवाहर चौकातल्या एका अनोळखी डॉक्टरकडे गेली. तो म्हणाला, येईल परत, वाट पाहा. ती वाट पाहत राहिली. लॅबमध्ये प्लेट सवयीनं नाकाशी न्यायची, अंदाजानं मान हलवायची, आणि सगळे जेवायला गेले की गुपचूप जास्तीच्या चाचण्या करून बघायची. अहवाल एकही चुकू दिला नाही. पण त्या नाटकानं ती इतकी थकायची की घरी आल्यावर चप्पल काढायलाही जीव नसायचा.

“अलका मॅडम, एकदाच,” डॉ. श्रीकांत हसत म्हणाले. “तुमचा नियम लागू व्हायच्या आधी शेवटची एक झलक. कमलिनीताई, दाखवा बरं.”

त्यांनी बंद प्लेट्सचा ट्रे पुढे सरकवला. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“नको सर,” ती म्हणाली. “नियम म्हणजे नियम.”

“देखा?” डॉ. अलका खूष झाल्या. “जंतू नाकातून थेट आत जातात. इतनी सीनियर होके भी मान गयीं. शिका जरा!”

टाळ्या पडल्या. कमलिनी खाली बसली. सुटले, असं तिला वाटलं. आता कुणीच हुंगायचं नाही म्हटल्यावर कुणाला काय कळणार होतं? निवृत्तीपर्यंत असंच निभावून जाईल. तिला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली.

जेवणानंतर सुरक्षेचा तास होता. पंख्याखाली निम्मे लोक पेंगत होते.

“सुबह लैब जो खोलता है,” डॉ. अलका विचारत होत्या, “बर्नर जलाने से पहले वो क्या करेगा?”

“सिलिंडर देखेगा,” कुणीतरी म्हणालं.

“उससे पहले. दारात उभं राहून वास घ्यायचा. गैस की गंध आये तो न माचिस, न बत्ती का बटन. भोपालवालों को गैस के बारे में मैं क्या बताऊँ?”

पेंगणारे सरळ बसले. या गावात तो शब्द कुणी हलक्यानं घेत नाही.

“कौन खोलता है सुबह?”

“ताई!” निर्मला म्हणाली. “सालों से चाबी ताईंकडेच आहे. हमको टेन्शनच नाही.”

कमलिनीच्या पर्समध्ये किल्ली होती. मागच्याच आठवड्यात तिनं दार उघडलं होतं, बर्नरपाशी गेली होती, काडी पेटीवर टेकवली होती. तेवढ्यात मागून निर्मला आत आली आणि ओरडली, “ताई, गॅसचा वास!” नळीतून रात्रभर गॅस गळत होता. “हो गं, खिडकी उघडायलाच निघाले होते,” असं कमलिनी तेव्हा म्हणाली होती आणि निर्मलानं ते खरं मानलं होतं. तरी तिनं किल्ली सोडली नव्हती.

ती उभी राहिली.

“मला वास येत नाही,” ती म्हणाली.

खोलीतल्या काही जणांना मराठी नीट कळत नव्हतं. पुन्हा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

“मुझे गंध नहीं आती. दिवाली से. कोई भी नहीं.”

निर्मला तिच्याकडे बघत राहिली. “पर ताई, उस दिन तर तुम्ही...” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला कमलिनीला दिसला. तिनं पर्समधून किल्ली काढली आणि निर्मलाच्या हातात दिली.

“उद्यापासून तू उघड. आधी दारात थांब. घाई करू नकोस.”

तास संपल्यावर डॉ. श्रीकांतनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते चिडले नव्हते, दुखावले होते.

“मला तरी सांगायचं होतं, ताई.”

“तुम्ही मला लॅबमध्ये ठेवलं नसतं.”

“नसतंच ठेवलं.” ते टेबलाकडे बघत म्हणाले, “आत दिवसभर बर्नर असतात. उद्यापासून नमुने घ्यायच्या खिडकीवर बसा. तिथे काम कमी आहे.”

“कमी कशाला हवंय, सर?” ती म्हणाली.

घरी येताना ती इंद्रपुरीच्या बाजारात उतरली. द्राक्षांचा हंगाम होता, गाड्या हिरव्यागार भरल्या होत्या. तिनं एक घोस उचलून नाकाला लावला. काहीच नव्हतं. पाण्यासारखं गार लागलं फक्त.

घरी गोविंदराव पेपर वाचत बसले होते. तिनं द्राक्षं धुतली, वाडग्यात घातली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“अगं, घरात?”

“खा.”

“तुला त्रास होईल.”

“नाही होणार,” ती म्हणाली. “आता नाही होत.”

गोविंदरावांनी एक द्राक्ष हातात घेतलं, पण तोंडात घातलं नाही. करपलेली फोडणी, उतू जाऊन लागलेलं दूध, परवाचा नासका रस्सा त्यांच्या डोळ्यांपुढून सरकला असावा.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून. आज लॅबमध्ये सांगितलं. खिडकीवर बसवलंय मला.”

तिला रडू आलं. लॅबमध्ये आलं नव्हतं, बाजारातही नाही. गोविंदराव उठून स्वयंपाकघरात गेले. शेगडीशी वाकून त्यांनी सावकाश, नीट वास घेतला, सिलिंडरचं बटण बंद असल्याचं हातानं पाहिलं, खिडकी उघडली, आणि परत येऊन तिच्या शेजारी बसले.

“गोड आहेत का हो?” तिनं पदरानं डोळे पुसत विचारलं.

त्यांनी एक खाल्लं, वाडगा तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, “तूच बघ.”