रिकाम्या खुर्चीपुढची ताटली

मित्रांनो, मी एक जुनी ताटली आहे आणि बरीच वर्षं माझ्यात एकही जिवंत माणूस जेवलेला नाही. घाबरू नका, मी शापित वगैरे काही नाही. काठावर निळी वेल आहे, एका जागी टवका उडाला आहे, एवढंच.

माझा जन्म इंग्लंडमधल्या स्टोक गावी, चिनीमातीच्या भट्टीत झाला. तिथून शेफील्डच्या एका बाईंच्या लग्नात मी आहेर म्हणून आले. आम्ही सहा बहिणी होतो. बाईंना दोन मुलं झाली, थोरली लोरेन आणि धाकटा क्लाइव्ह. रविवारी भाजलेलं मटण, बटाटे आणि वर ग्रेव्ही असा बेत असे. जेवण झालं की क्लाइव्ह मला जिभेने चाटून लख्ख करायचा आणि आईचा धपाटा खायचा. त्या दोघांच्या मारामाऱ्यांत माझ्या बहिणी एकेक करून फुटल्या. मी तेवढी उरले. ते दिवस सुखाचे होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

आई गेल्यावर लोरेन मला आपल्या घरी घेऊन आली. ती शहरात बस चालवायची आणि एका उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर एकटी राहायची. लोरेन पेगन होती. म्हणजे जुन्या देवांना, ऋतूंना, चंद्राला मानणारी. भर शहरात हे सगळं पाळायचं म्हणजे कसरतच! खिडकीतल्या चार कुंड्या हेच तिचं रान. पौर्णिमेचा चंद्र समोरच्या इमारतीमागून वर येईपर्यंत ती गॅलरीत कुडकुडत उभी राहायची. धूप जाळायचा तर छताच्या धूर ओळखणाऱ्या भोंग्याला आधी अंघोळीची टोपी चढवावी लागे. नाहीतर सगळी इमारत खाली रस्त्यावर.

ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी साविन हा सण असे. त्या दिवशी मेलेली माणसं घरी येतात, असं हे लोक मानतात. त्यांच्यासाठी एक रिकामी खुर्ची मांडायची, पहिलं ताट त्यांचं वाढायचं आणि जेवण संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. जेवायचंही उलटं, आधी गोड आणि शेवटी सूप. मी आईची म्हणून लोरेनने मला त्या खुर्चीपुढे मांडलं. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! जमणारी मंडळी मोजकीच होती. त्यांत ग्विलिम नावाचे निवृत्त पोस्टमन फार कडक, कुणी खोकलं तरी डोळे वटारायचे. जेवणानंतर माझ्यातलं अन्न लोरेन लिफ्टने खाली नेऊन गाड्यांच्या तळाजवळच्या झाडाखाली ठेवायची. कोल्हा येऊन ते फस्त करायचा. रखवालदार कुरकुरायचा, "बाई, जेवतात तुमचे देव आणि उंदीर मारायचे मी!"

क्लाइव्हला यातलं काहीच पटत नसे. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटाच राहायचा. पण साविनच्या ऐन जेवणात फोन करून बहिणीला हसवायचं, हा त्याचा दरवर्षीचा खेळ होता. फोन फ्रिजवर थरथरायचा आणि सगळे ओठ दाबून हसू आवरायचे. जेवण उरकलं की लोरेन त्याला उलट फोन लावायची.

"काय गं चेटकिणी, आले का पाहुणे? का लिफ्ट बंद म्हणून खालीच अडकलेत?"

"मेल्या, आईला सुखाने जेवू दे की!"

"तिला विचार, ग्रेव्हीत गुठळ्या होत्या का. तुझ्या हातची म्हणजे असणारच."

लोरेन हसून हसून डोळे पुसायची. मला वाटतं, सगळ्या सणात तिला तो फोनच जास्त आवडायचा.

मग ते वर्ष आलं. नेहमीसारखाच ऐन जेवणात फोन वाजला. लोरेनने हसून नुसती मान हलवली. तो बंद पडला आणि पुन्हा वाजला. ग्विलिम यांचेसुद्धा खांदे हलायला लागले. मग तो आणखी एकदा, जरासाच वाजला आणि गप्प झाला. सूप संपलं, मेणबत्ती विझवली, लोरेनने उलट फोन लावला. पलीकडून कुणी उचलला नाही.

"रुसला वाटतं गाढव," ती म्हणाली आणि मला घेऊन खाली झाडाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना क्लाइव्ह स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला सापडला. हृदय बंद पडलं होतं. फोन हातातच होता. वेळेवर कळलं असतं तर वाचला असता का, असं लोरेनने डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. नाही म्हणाले असते तर ती बिचारी रडून मोकळी तरी झाली असती.

पुढच्या साविनला मला क्लाइव्हसाठी मांडलं. मटण, बटाटे, ग्रेव्ही. मित्रांनो, ज्या पोराने मला चाटूनपुसून लख्ख केलं होतं, त्याच्या नावाने माझ्यावर अन्न गार होत होतं. मला ते सोसवेना. सगळे मुकाट गोड खात होते आणि मध्येच लोरेन बोलली.

"क्लाइव्ह, मी घरीच होते रे."

बोललं की मेलेले उठून निघून जातात, असं हे लोक मानतात.

"इथेच होते, याच खुर्चीत. तू डॉक्टरला नाही, मला केलास फोन. आणि मी आईचं ताट राखत बसले."

सगळ्यांनी ग्विलिम यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बोल पोरी, बोल," ते म्हणाले. "फोन मीपण ऐकला होता. मीपण हसलो होतो."

त्यानंतर लोरेनने साविन केला नाही. कुंड्या वाळून गेल्या. मी कपाटात मागे पडून राहिले. तिला मला फोडवत नव्हतं आणि माझ्याकडे बघवतही नव्हतं. शेवटी एका सकाळी तिने मला खाली लिफ्टजवळच्या खोक्यात आणून ठेवलं. इमारतीत कुणाला नको असलेल्या वस्तू तिथे ठेवतात, ज्याला हवं त्याने घ्यावं. जाताना तिने माझ्या निळ्या वेलीवरून अंगठा फिरवला आणि मागे न बघता गेली.

तेव्हापासून मी इथे आहे. मित्रांनो, मला आता मानाची जागा नको. तुमच्यापैकी कुणीतरी मला घरी न्या. उकडलेलं अंडं का असेना, वाढा आणि जेवा. सुरीचे ओरखडे उठले तर उठू द्या. तुमच्या मेलेल्यांनाही जरूर वाढा, त्यांना थांबायला वेळ असतो. पण जेवताना आपल्या माणसाचा फोन आला, तर तो थट्टेचाच आहे अशी खात्री असली तरी उठा. माझ्यावरचं अन्न गार झालं तर होऊ द्या. मला त्याची सवय आहे.