तीनशे मीटर लांब

शनिवारी सासूबाईंचं विमान होतं आणि आज गुरुवार. मुक्ताला काही सुचत नव्हतं. समुद्राच्या वाऱ्यात ती नुसती पाय ओढत चालली होती. पुढं शोभनाबाई, त्यांच्या कडेवर कुहू. पोरगी मुक्ताची, पण गळ्यात हात सासूच्या.

कुहू तीन वर्षांची. दहा महिन्यांची असताना तिला सांगलीला ठेवून मुक्ता जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडीसाठी परत आली. "वर्षभराचा तर प्रश्न आहे," सगळे म्हणाले. सगळे खोटं बोलत होते, मुक्ताला ते कळतही होतं, तरी ती विमानात बसली. एकाची दोन वर्षं झाली. घरात जो तो शोभनाबाईंना आई म्हणतो, म्हणून कुहूही आई म्हणायची. मुक्ताला मुक्ता. आता सासूबाई नातीला घेऊन आल्या होत्या, इथली सवय लावायला. महिना झाला. सवय कसली, डोंबल! पोरगी मुक्ताच्या हातचं पाणी पीत नव्हती. आणि आज सकाळी गाडीत सासूबाई म्हणाल्या, "नाहीच रमली तर नेते परत. शाळेच्या वेळी बघू."

मुक्ताचा नवरा कपिल नुसती गाडी चालवत राहिला. आईशी बोलायची वेळ आली की तो कॅमेऱ्यात शिरायचा. आत्ताही ओहोटीनं उघड्या पडलेल्या वाळूवर लांब लोळणाऱ्या सील प्राण्यांचे फोटो काढत होता.

"अगंबाई, हे बघ!"

दोरी बांधलेल्या वाटेपासून वीस पावलांवर सीलचं पिल्लू पडलं होतं. एकटंच. मान वर करून रडत होतं, अगदी माणसाच्या पोरासारखं.

"टाकून गेली गं ह्याची आई. घसा सुकला असेल." शोभनाबाईंनी कुहूला खाली ठेवलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेल्यासुद्धा.

"हाल्ट!" अभयारण्याची रेंजर बाई बांधावरून धावत आली. जर्मनमध्ये भराभरा बोलली. मुक्तानं सांगितलं, "हे टाकलेलं नाही, आई. त्याची आई मासे खायला गेलीय. माणसं दिसली की ती पाण्यातच थांबते. सगळ्यांनी तीनशे मीटर मागं व्हायचं."

"आणि हे रडतंय ते?"

"रडू दे म्हणतात."

"हिला पोरंबाळं नसतील. आणि नाही आली त्याची आई तर?"

"तुम्ही उभ्या राहिलात तर नाहीच यायची."

शोभनाबाई वळल्या. "मला बोलतेस?"

"हो. तुम्हालाच."

"वा गं! मी रात्र रात्र जागले तेव्हा तू डॉक्टर होणार आहेस. साठाव्या वर्षी मला हौस होती काय?"

मुक्ता म्हणाली, "खरं आहे. ठेवून गेले, ती माझी चूक. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. तरी तिला नेऊ नका."

रेंजर घड्याळाकडं बघत होती. कपिलनं कॅमेरा खाली केला होता. शोभनाबाई दोरीच्या अलीकडे आल्या. कुहूनं हात वर केले. त्यांचे हातही अर्धे पुढं आले, आणि तिथंच थांबले.

"घे तिला," त्या मुक्ताला म्हणाल्या. "मी पुढं होते. चल रे कपिल."

मुक्तानं उचलल्याबरोबर कुहूनं टाहो फोडला. "आई! आई गं!" लाथा मारल्या, खांद्याला कडकडून चावली. मुक्तानं मिठी सैल केली नाही. समोर शोभनाबाई झपाझप चालल्या होत्या. थांबल्या तर परत फिरतील, हे त्यांनाही ठाऊक असावं.

मागं त्या पिल्लाची आई आली का, ते कुणी पाहिलं नाही. पार्किंग यायला पाच मिनिटं होती. आवाज बसल्यावर कुडकुडत कुहूनं मुक्ताच्या मानेत तोंड खुपसलं. माया-बिया काही नाही, थंडी वाजत होती. मुक्तानं चाल कमी केली.