चालता हात

तीस वर्षं नर्स असलेल्या आत्याची पक्षाघाताने वाचा गेली होती आणि उजवा हात लुळा पडला होता. त्याच हातात चार दिवसांपासून सलाईनची सुई होती. भोवती चढलेली लाली तिला दिसत होती, पण सांगणार कसं? ती घशातून आवाज काढायची, तर सिस्टर म्हणायची, “शांत पडा बघू, आजी.”

दुपारी भाची आली. आत्याने डाव्या हाताने तिचा हात ओढून सुईजवळ टेकवला.

“अगं बाई, किती तापलंय!” भाचीने सिस्टरला बोलावलं. पट्टीखाली पू होता. सिस्टरने घाईने सुई काढली.

“आता डाव्या हाताला लावते.”

आत्याने बेसिनकडे बोट दाखवलं. सिस्टर ओशाळून हात धुऊन आली. मग सुई टोचून, ती हलू नये म्हणून तिने तो चालता हातही फळीला बांधला.